मामांची मान स्थिर राहावी म्हणून

सी.टी. स्कॅन करून घेणाऱ्या रुग्णाला एकच गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे हलायचं नाही. बाकी सगळं यंत्र करतं.

हे वाक्य मी व्यासराजमामांच्या ओसरीवर बसून, हातात कॉफीचा पितळी डवरा धरून, अत्यंत गंभीरपणे उच्चारलं. मी कुंभकोणच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. क्ष-किरण हा माझा हातखंडा विषय. सी.टी. स्कॅनचं यंत्र मात्र मी तोवर पाहिलेलं नव्हतं. पण ओसरीवरच्या दुसऱ्या कोणीही ते पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या अधिकाराला काही बाधा आली नाही.

१९९३ सालची गोष्ट. गावात नुकतंच एक स्कॅन सेंटर उघडलं होतं. त्याआधी डोक्याच्या आत काय आहे हे पाहायचं तर तंजावर गाठावं लागे, आणि मामांच्या पिढीला तशी उत्सुकता कधी वाटली नव्हती. पण झालं असं की, एकादशीच्या भजनात समईभोवती फेर धरताना मामांना घेरी आली आणि त्यांचं डोकं मंडपाच्या खांबावर आपटलं. खांबाला काही झालं नाही. मामांचं डोकं मात्र अधूनमधून दुखू लागलं.

डॉक्टर महालिंगम म्हणाले, "आत रक्त साकळलं असेल. स्कॅन काढा. रिपोर्ट पाहिल्याशिवाय फेर बंद, भजन बंद."

आता मामांचा फेर बंद म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमची घराणी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आली आणि राज्य गेल्यावरही इथेच राहिली. दाराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, दाराआड मराठी. ती ऐकताना पुण्याचा पाहुणा बखर वाचत असल्यासारखा चेहरा करतो. ह्या मराठीच्या खालोखाल आम्ही जपलेली वस्तू म्हणजे भजन. दर वर्षी आमची मंडळी गोविंदपुरम्‌ला राधाकल्याणाचा, म्हणजे राधाकृष्णाच्या लग्नाचा, उत्सव करते. मध्ये समई, भोवती भागवतांचा फेर, आणि फेराच्या अग्रभागी, झांज घेऊन, व्यासराजमामा. ट्रेझरीत नोकरी केली तेव्हाही ते ट्रेझरीतल्या माणसासारखे कधी दिसले नाहीत. फेराच्या अग्रभागी उभे राहिले की मात्र राजे वाटत. उत्सव आठवड्यावर आला होता. मामा पुढे नसले तर तो मान मंडळीतल्या दुसऱ्या जुन्या भागवताला, व्यंकोबारावांना, जाणार होता.

"मी खाटल्यावर मरेन," मामा म्हणाले, "पण व्यंकोबा पुढें आणि मी मागें, हें होणें नाही."

"तशी वेळ येणार नाही मामा. स्कॅन म्हणजे काही नाही. दुखत नाही, खुपत नाही."

"करतात काय नेमकें?"

इथे मी चूक केली. समोर वेदवतीमामी केळीचा गाभा चिरत बसल्या होत्या. पांढऱ्या चकत्या एकीवर एक पडत होत्या. शिक्षकाला दृष्टान्त दिसला की त्याचा हात आवरत नाही.

"हे पाहा," मी एक चकती उचलून म्हणालो. "ह्या गाभ्याच्या आत कुठे कीड आहे हे कसं कळेल? चकती चकती पाहिली की कळेल. तसंच हे यंत्र डोक्याची एक एक चकती पाहतं."

मामींची विळी थांबली.

मामांनी चकतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग पुन्हा जोडतात?"

"खरी चकती नाही मामा. चित्रात."

"चित्रात कापतात आणि दुखत नाही म्हणतोस."

"कापतच नाहीत."

"आत्तां तूंच म्हणालास."

त्या दिवशी घरात गाभ्याची कोशिंबीर कोणी खाल्ली नाही. मामी म्हणाल्या, "वरदा, तू कॉलेजातली पोरंही अशीच घाबरवतोस का रे?"

शेवटी मी दृष्टान्त सोडून सूचनांकडे वळलो. सेंटरच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की मानेच्या वर धातूची वस्तू नको, आणि शिरेत औषध टोचायची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

उपाशी राहण्यात मामांना जगात तोड नव्हती. सकाळी स्कॅन होता. त्यांनी आदल्या दुपारीच जेवण सोडलं. पाणीसुद्धा घेईनात. "घोट घोट पाणी चालतं," मी म्हणालो. "यंत्राला चालत असेल," मामा म्हणाले.

धातू मात्र जड गेला. मामांच्या कानांत मुंजीपासूनची सोन्याची कुडकं होती. फिरकी कानाशी एकजीव झालेली. सोनाराला बोलावून ती कातरावी लागली. कवळीला तार होती, तीही निघाली. कान मोकळे, तोंड पोकळ, चष्मा नाही, अशा अवस्थेत मामा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यातला मी कोणता भाग आहे?" मामी म्हणाल्या, "आवाज आहे तोवर ओळखू." मला तेव्हा हे नुसतंच प्रेमाचं वाक्य वाटलं.

सेंटरवर गेलो तर बाहेरच्या बाकावर व्यंकोबाराव आधीच बसलेले. उंच, सडपातळ, बोलणं मऊ. मांडीवर मोसंब्यांची पिशवी.

"व्यासराज, मी विचारूस आलों," ते म्हणाले. "जिवाला खाऊं नकोस. उत्सवाचें मी पाहीन."

मामांनी बिनदातांचं तोंड गच्च मिटलं. व्यंकोबारावांच्या प्रेमळपणात त्यांना नेहमीच काहीतरी खुपत आलं होतं.

आतून तंत्रज्ञ आला. त्याचं नाव स्वामीनाथ. कपाळावर ठसठशीत नाम, आवाज देवळातल्या भटजीसारखा. त्याने छापील प्रश्न धडाधड विचारले. दमा? साखर? मूत्रपिंडाचा विकार? गरोदर आहात का?

"काय विचारतो?" मामांनी मला विचारलं.

"ते सगळ्यांना विचारतात."

"कशाची ॲलर्जी?" स्वामीनाथने विचारलं.

मामींनी बाकावरच्या व्यंकोबारावांकडे पाहिलं.

मग आम्ही यंत्राच्या खोलीत गेलो. इथे माझ्या अभ्यासातली पहिली उणीव उघडी पडली. दाराबाहेर चपला काढायच्या होत्या. आत मंद उजेड, गारवा, शांतता. मधोमध पांढरीशुभ्र मोठी कमान, तिच्यात गोल पोकळी, आणि तिच्यासमोर पाट ठेवावा तसं अरुंद टेबल. कमानीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. आयुधपूजेचा सुकलेला हारही कोणी काढला नव्हता.

इकडच्या पुरुषाला अशा जागी काय करायचं ते सांगावं लागत नाही. मामांनी सदरा काढला, उपरणं कमरेला बांधलं आणि हात जोडले.

"रायर, सदरा असू द्या," स्वामीनाथ म्हणाला. आम्हां लोकांना तमिळ माणसं रायर म्हणतात.

"गाभाऱ्यात सदरा?" मामा म्हणाले.

"मामा, हा गाभारा नाही."

"तूंच गाभा म्हणालास."

स्वामीनाथने घडी केलेलं पांघरूण पुढे केलं. मामांनी ते दोन बोटांनीही धरलं नाही. आधी कोणाकोणाच्या अंगावर होतं, कोण जाणे. सोवळ्यातला माणूस उघडाच टेबलावर आडवा झाला. स्वामीनाथने कपाळावरून पट्टा बांधला आणि टेबल कमानीत सरकवलं.

आम्ही काचेपलीकडच्या खोलीत आलो. जाड दार बंद झालं. स्वामीनाथने माइकचं बटण दाबलं. "रायर, डोकं अजिबात हलवायचं नाही. बोलायचं नाही. कळलं?"

काचेतून मामांची मान पट्ट्याखाली डावीउजवीकडे डुलली. आमच्याकडे होकार असाच देतात.

"नको, मान हलवू नका. कळलं?"

मान पुन्हा डुलली, ह्या वेळी अधिक नम्रपणे.

"प्रश्न विचारू नका हो," मी म्हणालो. "विचारलं की ते उत्तर देणारच." हा शोध मी लावला. पदार्थविज्ञानाचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला.

स्वामीनाथने मान्य केलं. मग त्याने डोळे मिटले. कुठलंही काम सुरू करताना नाव घ्यायचं, ही त्याची सवय. माइक बंद करायचा मात्र तो विसरला होता. "गोविंदा," तो पुटपुटला आणि यंत्राचं बटण दाबलं.

आता भजनातला आमचा रिवाज असा. पुढचा माणूस देवाचं नाव पुकारतो, आणि बाकीच्यांनी, मग ते जागे असोत की पेंगत असोत, हात उंचावून, कंठ फुटेपर्यंत त्याला उत्तर द्यायचं. मामा पन्नास वर्षं हे करत आले होते. त्यांच्या अंगात त्यासाठी वेगळी शीर असावी. आणि इथे तर थंडगार अंधारात, कमानीच्या आतून, कोणी न दिसणाऱ्याने नाव पुकारलं होतं.

"गोविंदा! गोविंदा!"

काच थरथरली. मामांचे दोन्ही हात वर गेले आणि यंत्रावर आदळले. पडद्यावर पहिली चकती उमटली. तिच्यात मामांना चार डोळे होते.

स्वामीनाथ खाली मान घालून म्हणाला, "चूक माझी."

"असू दे. पुन्हा घ्या. नाव मनात घ्या."

"मनात घेतलं तर ओठ हलतात सर, आणि आवाज येतोच."

"मग माइक बंद करा."

त्याने माइक बंद केला, नाव घेतलं, यंत्र सुरू केलं. मीही सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या व्यंकोबारावांनी, दारातून आलेली आरोळी ऐकून, रिवाजाप्रमाणे उशिरा का होईना उत्तर दिलं. ते भले गृहस्थ. उत्तर देणं राहून गेलं म्हणून त्यांना चैन पडेना. भिंती जाड होत्या, पण त्या क्ष-किरणांसाठी. व्यंकोबारावांना त्या पुरल्या नाहीत. आतून मामांनी त्यांच्यावर ताण केली.

दुसऱ्या चित्रात मामांना नाक नव्हतं.

स्वामीनाथने कपाळ पुसलं. "सर, असं होत राहिलं तर झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर तंजावरहून येतात. पुढच्या आठवड्यात येतील."

"आठवड्यात उत्सव आहे."

"मग इथे काय करता येणार?"

मी माइक घेतला. घरातल्या माणसाचा आवाज, घरातली भाषा, ह्याने शांतता येईल असा माझा हिशोब होता. "मामा, मी वरदा. तुमचा मान ह्या मानेवर आहे. दगडासारखे पडून राहा."

"बरें," मामा म्हणाले. जबडा हलला.

"बोलू नका."

"नाही बोलत."

"मामा."

"ऐकिलें रे. एकच सांग. थंडी फार आहे, ही रीतच काय?"

"रीतच आहे. यंत्राला लागते."

त्यांनी समजून मान डोलावली. तिसरं चित्र मी पाहिलंच नाही. स्वामीनाथने पाहिलं आणि पडद्यावर हात ठेवला.

तेव्हा मागे उभ्या असलेल्या वेदवतीमामी सेंटरवर आल्यापासून पहिल्यांदा बोलल्या. "त्यांना स्थिर करायचंय ना? व्यंकोबांना आत बोलवा. गाऊ द्या."

"मामी, हे काय भजन आहे?"

"तू कधी पाहिलं नाहीस का? व्यंकोबा गायला लागले की हे कसे बसतात?"

मग मला आठवलं. आमच्यात दुसरा गात असताना ऐकणाऱ्याने मान डोलवायची असते, बोटांनी ताल धरायचा असतो. गाणं बेताचं असलं तरी थोडी तरी मान हलवणं ही सभ्यता. व्यंकोबारावांचं गाणं सुरू झालं की मामा ती सभ्यता परत घेत. मान नाही, बोट नाही, पापणी नाही. दाद जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत. एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली होती. व्यंकोबारावांचं पद अर्ध्यावर टाकून मामा उठून जाईपर्यंत ती तिथे निवांत राहिली.

व्यंकोबारावांना आत आणून खुर्चीवर बसवलं. त्यांना खरं कारण सांगणं जिवावर आलं. मी म्हणालो, "मामांना जरा धीर हवा आहे. तुमचं गाणं ऐकतील."

त्यांचे डोळे भरून आले. "व्यासराज माझें गाणें मागतो?"

मामींनी पदराने तोंड पुसलं.

"फक्त देवाचं नाव नको," मी घाईने म्हणालो. "नाव आलं की ते उत्तर देतील."

"नांव नको? मग माझ्याकडे राहतें काय?"

"आलाप राहतो."

व्यंकोबारावांनी घसा साफ केला. स्वामीनाथने खबरदारी म्हणून स्वतःच्या तोंडात हातरुमाल कोंबला. मी माइकचं बटण दाबलं. आणि सुरू झाला तो तोडी रागातला आलाप, बिनशब्दांचा, सावकाश, चढत जाणारा.

काचेपलीकडे मामांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं. मग ओळख पटली. मग सगळं अंग एखाद्या दरवाजासारखं बंद झालं. जबडा आवळला, बोटं टेबलाला चिकटली, नजर कमानीच्या छताला खिळली. यंत्र गुरगुरत, थांबत, पुन्हा गुरगुरत पुढे सरकत होतं. पडद्यावर एकामागून एक चकत्या उमटू लागल्या, स्वच्छ, रेखीव, कडा चाकूने कापल्यासारख्या. वरच्या स्वरावर व्यंकोबारावांनी अशी काही जागा घेतली की माझीच मान हलली. मामांची नाही. हलती तर चित्रात दिसली असती.

यंत्र थांबलं. स्वामीनाथने रुमाल काढला. "सर, झोपलेल्या बाळांचेसुद्धा इतके चांगले येत नाहीत."

"पुरे म्हणूं?" व्यंकोबारावांनी विचारलं.

"पुरे."

"पहिल्यानेंच त्याने माझें पुरें ऐकिलें," ते म्हणाले, आणि मोसंबी मामींच्या हाती देऊन डोळे पुसत निघून गेले.

टेबल बाहेर आलं. मामांचं अंग गार पडलं होतं आणि दातांच्या जागी हिरड्या वाजत होत्या. मी सदरा अंगावर घातला. ते एवढंच म्हणाले, "अडकून पडलों होतों, म्हणून. नाहीतर उठून गेलों असतों."

दुसऱ्या दिवशी आम्ही फिल्म घेऊन डॉक्टर महालिंगम ह्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मामी माझा दंड धरून उभ्या होत्या, आणि त्यांची नखं रुतत होती. स्कॅन काढताना आम्ही एवढा गोंधळ घातला होता की, त्यात काही निघूही शकतं, हे मधल्या काळात सगळेच विसरले होते.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त नाही, गाठ नाही. ह्या वयात असावं तसं आहे. पाहत एवढ्यासाठी राहिलो की फिल्म फार सुरेख आली आहे. उपाशी पोटी गोल फिरू नका, म्हणजे झालं. जा, उत्सव करा."

मामींनी माझा दंड सोडला.

मामांनी हात जोडले आणि आभार मानायला तोंड उघडलं. कवळी जागेवर होती, कुडकं जागेवर होती, सगळं होतं. आवाज नव्हता. कालपासून ते गप्प होते ते व्यंकोबारावांवर रुसून, असं आम्ही धरून चाललो होतो. पितळी भांडं घासल्यासारखं काहीतरी खरखरलं आणि तेही विरलं.

डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबून आत पाहिलं. "घसा धरला आहे. थंडीत उघडे होतात का?"

मी फिल्म पाकिटात घालू लागलो.

"आठवडाभर गाणं नाही. बोलणंही नाही."

मग मिरीचं दूध झालं, ओव्याच्या पानांचा रस झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शंकरनारायण वैद्याची गोळी झाली, ती तोंडात धरून मामा तीन दिवस कोणाकडेही न पाहता बसले. आवाज आला नाही. उत्सवाच्या दिवशी गोविंदपुरम्‌ला समईपुढे झांज घेऊन व्यंकोबाराव उभे राहिले. मामा पहिल्या रांगेत बसले होते, गळ्याला मफलर गुंडाळून, खांबासारखे.

परतताना बसमध्ये मामा पुढच्या बाकावर खिडकीशी बसले. मामी माझ्या शेजारी होत्या. बरंच अंतर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "वरदा, त्यांना सांगू नकोस."

"काय?"

"व्यंकोबा ह्यांच्यापेक्षा बरे गातात."

मी म्हणालो, "मामी, हे तुम्ही आजच ओळखलंत?"

"छे," त्या म्हणाल्या. "हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ह्यांनासुद्धा."